मारिओ कार्ट वर्ल्ड: भांडण ऐंशी डॉलरचं, फसगत डब्याची

२ एप्रिल २०२५ ला निन्टेंडोने आपला नवा गेम कन्सोल स्विच २ सविस्तर दाखवला, पण त्यानंतर चर्चा यंत्राची कमी आणि एका आकड्याची जास्त झाली. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची अमेरिकेतली किंमत ७९.९९ डॉलर. तोवर मोठ्या गेमची मजल ७० पर्यंत गेलेली, निन्टेंडोचे स्वतःचे बहुतेक गेम तर ६० लाच मिळायचे. कंपनीच्या थेट प्रक्षेपणात गाड्या पळत होत्या आणि शेजारच्या चॅटमध्ये ‘किंमत उतरवा’ एवढंच धो धो पडत होतं.

मुंबईत बसून त्या आकड्यावर रुसणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातल्या मानपानावर आपण रुसणं. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटर नाही, छापील किंमत नाही. इथला भाव ठरतो तो माल कुठून आला, कोणी आणला आणि गिऱ्हाईक किती उतावीळ आहे यावर. म्हणून या गेमबद्दल लिहिताना डब्याबद्दलही तितकंच लिहावं लागतं. पण आधी गेम.

किमतीचं भांडण मुळातच अर्धवट होतं. विक्रीच्या सुरुवातीला अमेरिकेत नुसता कन्सोल ४४९.९९ डॉलर, गेमसकट ४९९.९९. जपानमध्ये ४९,९८० येन आणि गेमसकट ५३,९८०. म्हणजे ज्याला यंत्र घ्यायचंच होतं त्याला गेम पन्नास डॉलरला पडला, जपानी माणसाला चार हजार येनला. ऐंशी डॉलर मोजले ते फक्त मागाहून वेगळा घेणाऱ्यांनी. ५ जून २०२५ ला विक्री सुरू झाली, पहिल्या चार दिवसांत ३५ लाख कन्सोल गेले. सप्टेंबरअखेर कन्सोलचा आकडा १ कोटी ३ लाखांच्या पुढे होता आणि मारिओ कार्ट वर्ल्डचा ९५ लाखांच्या पुढे. दहा यंत्रांमागे नऊ गेम! चॅटमध्ये ओरडणारे आणि रांगेत उभे राहणारे वेगळे होते असं मानायला जागा कमी आहे.

दुसरा वाद जास्त कामाचा होता: या गेमची खरंच गरज होती का? ‘मारिओ कार्ट ८’ २०१४ मध्ये वी यू या पडलेल्या कन्सोलवर आला, एप्रिल २०१७ मध्ये ‘डिलक्स’ होऊन स्विचवर आला आणि तिथे त्याच्या ६ कोटी ८० लाखांवर प्रती खपल्या. नंतर पैसे घेऊन आणखी ४८ ट्रॅक दिले, एकूण ९६ झाले. इतकं असताना ‘९’ कशाला? निर्माते कोसुके याबुकी आणि त्यांच्या चमूने सांगितलेलं उत्तर असं: २०१७ मध्येच त्यांनी नव्या गेमचा नमुना करायला घेतला होता, ट्रॅक सुटे न ठेवता एकाच सलग भूभागावर मांडायचे होते. जुन्या स्विचवर ते नीट पेलेना, म्हणून २०२० च्या सुमारास काम नव्या यंत्राकडे वळवलं. एका शर्यतीत १२ ऐवजी २४ गाड्या, सेकंदाला ६० फ्रेम आणि मध्ये कुठेही लोडिंग नाही, हे तिन्ही एकत्र हवं तर जुनं यंत्र कमी पडणारच.

आता हा सलग भूभाग खेळताना कसा लागतो ते बघू, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

ग्रां प्रीमध्ये एका कपात चार शर्यती. पहिली नेहमीसारखी, त्याच ट्रॅकवर तीन लॅप, म्हणजे फेऱ्या. दुसरीपासून मात्र तुम्ही आधीच्या ट्रॅकवरून निघता, हमरस्त्याने पुढच्या ट्रॅकपर्यंत गाडी हाकत जाता आणि तिथे पोचल्यावर एकच लॅप मारता. कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात तो मधला रस्ता बराचसा सरळ आणि रुंद असतो. २४ गाड्या मावायला रुंदी लागते, आणि रुंद सरळ रस्त्यावर ड्रिफ्टला, म्हणजे गाडी घसरवत वळण घ्यायला, वाव नाही. ज्या ट्रॅकसाठी जीव अडकलेला असतो तो मग एका फेरीत आटपतो. ‘डीके स्पेसपोर्ट’वर महाकाय यांत्रिक माकड वरून पिंपं टाकतं आणि तुम्ही जुन्या आर्केड खेळासारखे नागमोडी चढत जाता, ‘बू सिनेमा’त थेट पडद्यात शिरून चित्रपटाच्या आत गाडी चालते. असल्या ट्रॅकवर एक लॅप म्हणजे श्रीखंडाची वाटी दाखवून बोटभर चाटवणं.

ऑनलाइन खेळणाऱ्यांनी यावर पळवाट शोधली होती. पुढच्या शर्यतीसाठी मत देताना समोर आलेल्या जोडरस्त्यांऐवजी ‘रँडम’ दाबायचं, की बरेचदा तीन लॅपची शर्यत मिळायची. जून २०२५ च्या १.१.२ अपडेटने ती बुजवली आणि किमतीनंतरची सगळ्यात मोठी बोंब तेव्हा झाली. घरी खेळताना हा त्रास टाळता येतो. ग्रां प्री सोडा, ‘व्हीएस रेस’ उघडा, नकाशावर हवा तो ट्रॅक निवडा. पहिली शर्यत तीन लॅपचीच मिळते. पुढच्या वेळी जोडरस्ता नको असेल तर ज्या ट्रॅकवर उभे आहात तोच पुन्हा निवडा, किंवा बाहेर पडून नव्याने सुरुवात करा. चार जण बसलेले असताना हे मागेपुढे करणं कंटाळवाणं आहे, पण उपाय तोच.

याच सलग भूभागाने गेमला त्याचा सर्वोत्तम प्रकार दिला, हेही तितकंच खरं. नॉकआउट टूर. २४ गाड्या, सहा टप्पे, मध्ये एकदाही थांबा नाही. प्रत्येक टप्प्याच्या कमानीत शेवटचे चार बाद: २४ चे २०, मग १६, १२, ८, ४, आणि शेवटच्या टप्प्यात त्या चौघांत निकाल. अशा आठ रॅली आहेत, एकेक सात-आठ मिनिटांची. ग्रां प्रीत जो हमरस्ता रटाळ वाटतो तोच इथे अंगावर येतो, कारण आता पहिला येण्याची घाई नसते, विसाव्याच्या मागे न पडण्याची असते.

कमानीच्या आधीचे दहा सेकंद बघा. तुम्ही एकोणिसावे आहात, पडद्यावर बादरेषेची सूचना लुकलुकतेय. हातात दोन वस्तू: एक मश्रूम (वेगाचा झटका देणारं), एक केळ्याची साल. मागचे पाच जण आतापर्यंत वस्तू दाबून बसलेले असतात आणि सगळे एकदम उधळतात. कोणी महाकाय होऊन चिरडत येतो, कोणी लाल कवच, म्हणजे पुढच्याचा माग काढून धडकणारं अस्त्र, सोडतो. नवखा खेळाडू मश्रूम आधीच्या वळणावर वापरून मोकळा झालेला असतो. कमानीच्या पन्नास पावलं आधी त्याला कवच लागतं, गाडी गरगरते, आणि एकोणिसाव्याचा तेविसावा होऊन तो घरी जातो. जाणता खेळाडू केळ्याची साल एल बटण दाबून मागे धरून ठेवतो, म्हणजे कवच सालीवर फुटतं, आणि मश्रूम कमान दिसल्यावरच दाबतो. पहिल्या दोन टप्प्यांत आघाडी घेणंही शहाणपणाचं नाही. सगळ्यात पुढच्याला निळं कवच येऊन धडकतं आणि वस्तू फालतू मिळतात. मागच्याला वस्तू दणकट मिळतात. सगळ्यात वाईट जागा मधली, दहावा ते सोळावा. विरार लोकलमध्ये मुरलेला माणूस दाराच्या मधोमध उभा राहत नाही, एक तर कडेला चिकटतो नाहीतर थेट आत शिरतो. इथेही तसंच: झुंडीच्या मध्यात राहिलात की ज्याचा-त्याचा धक्का तुम्हालाच.

हाताळणीत दोन गोष्टी नव्या आहेत आणि दोन्ही शिकायला वेळ घेतात. ड्रिफ्टचं जुनं गणित तसंच: आर बटण दाबून वळा, ठिणग्या निळ्या, मग नारिंगी, सोडल्यावर धक्का. आता सरळ रस्त्यावर, स्टिअरिंग न वळवता आर दाबून धरला तर गाडी दबते आणि सोडल्यावर उडी मारते. या चार्ज जंपने रस्त्याकडेचे कठडे, विजेच्या तारा, रेल्वेचे रूळ यांवर चढून घसरत जाता येतं, भिंतीवर आडवी गाडी पळवता येते. चूक नेहमी एकच होते: उडीची जागा दिसल्यावर आर दाबायचा. तेव्हा उशीर झालेला असतो. कठडा यायच्या साधारण सेकंदभर आधी दाबून धरा आणि किंचित कोनात या. अगदी समोरून गेलात तर आदळता. रिवाइंडचं बटणही आहे, पण शर्यतीत मागे जाता ते फक्त तुम्ही. बाकीचे पुढेच पळत असतात. दरीत पडल्यावर कधीमधी उपयोगी, नाहीतर सरावापुरतं. नाणी आता १० ऐवजी २० पर्यंत साठतात, प्रत्येक नाण्याने वेग थोडा वाढतो. नवखे ती सोडून देतात आणि मग ‘गाडीच हळू आहे’ म्हणतात.

गाडी मात्र आता चाकं-ग्लायडर निवडून जुळवता येत नाही. पात्र निवडा, गाडी निवडा, निघा. पन्नास पात्रं आहेत, त्यांत ती जगभर गाजलेली गायही. रस्त्यावर गाय बघून ज्यांना आश्चर्य वाटलं ते मुंबईकर नसावेत.

फ्री रोम, म्हणजे शर्यतीविना मोकळं फिरणं, यावर सगळ्यात जास्त आशा लावल्या गेल्या होत्या आणि सगळ्यात जास्त निराशा इथेच आहे. नकाशा मोठा आहे, समुद्र आहे, ज्वालामुखी आहे, दिवसाची रात्र होते. जागोजाग निळी पी-बटणं आहेत, जवळजवळ चारशे; एकावर गेलात की दहा-वीस सेकंदांचं छोटं आव्हान सुरू होतं. काही फार कल्पक आहेत, चार्ज जंप आणि तारांवर घसरणं शिकायची खरी शाळा तीच. पण बक्षीस काय, तर गाडीला लावायचं स्टिकर. गावजेवणाला बोलावून पानसुपारीवर बोळवण. आणि एकाच टीव्हीवर पडदा वाटून खेळताना फ्री रोम चालतच नाही. भावंडं मिळून भटकतील म्हणून घेणाऱ्यांनी हे आधी जाणून असावं. बॅटल मोडही गेम आला तेव्हा दोनच प्रकारांचा होता, त्यावर शब्द घालवण्यात अर्थ नाही. संगीत मात्र अव्वल: मारिओच्या चाळीस वर्षांतल्या दोनशेवर चाली नव्याने वाजवलेल्या. फ्री रोममध्ये गाडी घाटात उभी करून नुसतं ऐकत बसावं असं.

एका टीव्हीवर चौघे खेळू शकतात. दोघे असताना ६० फ्रेम टिकतात, तिघे-चौघे झाले की ३० वर येतात, आणि हा फरक जाणवतो. डब्यात जॉय-कॉन २ या सुट्या होणाऱ्या छोट्या कंट्रोलरची जोडी येते. दोघांनी एकेक आडवा धरून खेळता येतं, पण मोठ्या बोटांना ती छोटी खांद्याची बटणं दहा मिनिटांत नकोशी होतात. घरात जुन्या स्विचचे जॉय-कॉन असतील तर नवे घेऊ नका. ते वायरलेस जोडले जातात, फक्त यंत्राला चिकटत नाहीत आणि त्यावर चार्ज होत नाहीत. जुना प्रो कंट्रोलरही चालतो, त्याने झोपलेला कन्सोल जागा तेवढा होत नाही.

आता डबा.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड धरा किंवा हाजीअलीच्या हिरापन्नात जा, किंवा घरपोच मागवा. माल साधारण चार दिशांनी आलेला असतो: अमेरिका, दुबई, हाँगकाँग, जपान. यातला जपानी डबा सर्वांत स्वस्त आणि तोच सर्वांत मोठा सापळा. निन्टेंडोने जपानसाठी दोन यंत्रं काढली. सुरुवातीच्या किमतीने ४९,९८० येनचं ‘जपानी भाषा, देशांतर्गत’ यंत्र: त्यात फक्त जपानी भाषा आहे आणि ज्या निन्टेंडो खात्याचा देश जपान आहे तेवढंच खातं जोडलं जातं. आणि ६९,९८० येनचं बहुभाषिक यंत्र, जे तिथे फक्त कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून मिळतं. येन साठ पैशांचा धरला तर पहिलं तीस हजारांचं, दुसरं बेचाळीस हजारांचं. अमेरिकेतलं नुसतं यंत्र ८५ च्या दराने सव्वाअडतीस हजार. यावरूनच ओळखा: कोणी तुम्हाला ‘जपान का माल है, सेम टू सेम’ म्हणत सगळ्यांहून स्वस्त देत असेल तर तो पहिल्या प्रकाराचाच. नंतर भाषा बदलायची सोय नाही, कुठल्या कारागिराकडेही नाही.

ओळखायचं कसं? डब्यावर सगळी अक्षरं जपानी असतील तर थांबा. यंत्र चालू करायला सांगा. पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी यायला हवी. ती न येता सगळं जपानीतच पुढे सरकलं तर डबा परत ठेवा. ‘सील तोडलं तर घ्यावंच लागेल’ असं दुकानदार म्हणेल. मग भाषेचा आणि देशाचा उल्लेख असलेलं, अनुक्रमांकासकट पक्कं बिल आधी लिहून घ्या आणि मग तोडा. अनुक्रमांक डब्यावर आणि यंत्रावर सारखाच आहे ना, तेही पहा.

गेमसकटच्या डब्यात कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायचं गेमचं कार्ड, नसतं, डाउनलोडचा कोड असतो. म्हणूनच सील फुटलेला ‘बंडल’ (गेमसकटचा डबा) नुसत्या यंत्राच्या भावाने घ्यावा, कोड वापरलेला असू शकतो. कोड ज्या प्रदेशाचा त्याच प्रदेशाच्या खात्यावर लागतो, तेव्हा खातं बनवण्याआधी डबा कुठला ते बघा. निन्टेंडोच्या ई-शॉपमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या गेमच्या दुकानात, भारत नाही. खातं दुसऱ्या देशाचं बनवावं लागतं आणि प्रीपेड कोडने पैसे भरणं हाच बिनडोकेदुखीचा मार्ग. खात्यात शिल्लक असेपर्यंत देश बदलता येत नाही, म्हणून जेवढ्याचं काम तेवढाच कोड घ्या. जपानी ई-शॉपने तर मार्च २०२५ पासून परदेशी कार्डं घेणं बंद केलं आहे.

आमचं मत सरळ आहे: नुसतं यंत्र घ्या आणि गेमचं कार्ट्रिज वेगळं घ्या, दोन-तीन हजार जास्त गेले तरी. कार्ट्रिजला प्रदेशाचं कुलूप नाही. मारिओ कार्ट वर्ल्डचा पूर्ण गेम कार्ट्रिजवर आहे. अनेक कंपन्या आता ‘गेम-की कार्ड’ विकतात, ज्यात फक्त किल्ली असते आणि गेम डाउनलोडच करावा लागतो, तसला प्रकार इथे नाही. कंटाळलात तर विकता येतं, आणि निन्टेंडोची कार्ट्रिजं वर्षानुवर्षं भाव धरून असतात. लहान मूल असेल तर थोडा दिलासा: कार्ट्रिजवर मुद्दाम कडू लेप असतो, मूल बहुधा थुंकून टाकतं.

जुना, वापरलेला कन्सोल घेत असाल तर एकच चाचणी टाळू नका. दुकानातच मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि ई-शॉप उघडून दाखवायला सांगा. नकली फ्लॅश कार्ट (गेमच्या उतरवलेल्या प्रती चालवणारं कार्ट्रिज) वापरलेल्या यंत्रांवर निन्टेंडो ऑनलाइन बंदी घालते आणि २१२४-४५०८ हा एरर दिसतो. ही बंदी यंत्रावर असते. खातं बदलून, फॅक्टरी रीसेट मारून जात नाही. ऑफलाइन सगळं सुरळीत चालतं, म्हणून काउंटरवर नुसता गेम चालवून दाखवला तर हे कळणारही नाही.

आणि ती फिल्म. सौदा झाला की दुकानातला पोऱ्या लगेच म्हणणार, ‘ग्लास लावून देतो’. तो कडेला नख घालतो, पातळ फिल्म उचलली जाते, पॅकिंगचं प्लास्टिक समजून तो ती सर्रकन सोलतो. थांबवा त्याला. स्विच २ च्या पडद्यावर कारखान्यातच एक फिल्म चिकटवलेली असते. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. ती काढू नये असं कंपनीने स्पष्ट बजावलंय. टेम्पर्ड ग्लास लावायची तर त्या फिल्मच्या वर. पडदा ७.९ इंचांचा आहे, जुन्या स्विचची ग्लास बसत नाही.

मेमरी कार्डातही अशीच टोपी घातली जाते. यंत्रात २५६ जीबी जागा आहे, वर्ल्डच्या डाउनलोडला सुमारे २३ जीबी लागते, म्हणजे सुरुवातीला कार्ड लागतच नाही. लागलं तर फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस. साधं मायक्रोएसडी, कितीही भारी नावाचं असो, त्यावर या यंत्रात गेम साठत नाहीत. दोन्ही दिसायला सारखी. एक्सप्रेसच्या पाठीमागे पिनांची जास्तीची रांग असते आणि वर ‘ईएक्स’ (EX) अशी खूण, ती बघून घ्या.

घरी आल्यावर चार्जर. डब्यातला अडॅप्टर ६० वॉटचा, १०० ते २४० व्होल्टवर चालणारा. म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नको, कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. फक्त पिना बदलायच्या: अमेरिकन-जपानी डब्याला चपट्या दोन, दुबई-हाँगकाँगच्या डब्याला जाड चौकोनी तीन. लोहार चाळीत मिळणारा साधा कन्व्हर्टर पुरतो, फक्त तो सॉकेटमध्ये सैल बसणारा नको. सैल पिनेने डॉक (यंत्र टीव्हीला जोडायचा स्टँड) मध्येच बंद पडतो आणि लोक कन्सोलला दोष देतात. जुन्या स्विचच्या अडॅप्टरने कन्सोल चार्ज होतो, नवा डॉक मात्र चालत नाही; ‘टीव्हीवर काही दिसत नाही’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच असतं. बाकीच्या निम्म्या वेळा एचडीएमआयची केबल जुनी असते. डब्यातलीच वापरा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचा ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘यूएचडी’ पर्याय चालू करा, गेम मोड लावा. मग कन्सोलच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त ठळक दाखवणारी सोय) जुळवा. टीव्ही स्वस्तातला आणि नावापुरता एचडीआर असेल तर तो बंदच ठेवा. या गेममध्ये चालू ठेवून रंग फिके दिसतात. हातात धरून खेळताना १०८०पी, टीव्हीवर त्याहून स्वच्छ.

ऑनलाइनसाठी सदस्यत्व लागतं, अमेरिकेत वर्षाचं १९.९९ डॉलर. मुंबईत अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. इमारतीत केबलवाल्याने दिलेल्या इंटरनेटमध्ये अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. ब्राउझिंगला काही वाटत नाही, पण २४ जणांच्या शर्यतीत जोडणी तुटते. सेटिंगमध्ये इंटरनेट, मग कनेक्शन टेस्ट करा. एनएटी प्रकार (बाहेरच्या खेळाडूंशी थेट जोडणी कितपत होते याची श्रेणी) ए किंवा बी आला तर निश्चिंत. सी किंवा डी आला तर आधी घरातला दुसरा राउटर ब्रिज मोडवर टाका, यूपीएनपी चालू करा; तरीही डी राहिला तर केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी मागा, महिन्याला थोडे पैसे घेऊन बहुतेक जण देतात. डॉकला लॅन पोर्ट आहे, केबल टाकता आली तर वायफायच्या भानगडीत पडू नका.

मुंबईची हवा या यंत्राला मानवणारी नाही. कंपनीने दिलेली मर्यादा ५ ते ३५ अंश आणि २० ते ८० टक्के आर्द्रता. जुलैत आपल्याकडे आर्द्रता ८० च्या वरच असते. घाबरायचं कारण नाही, पण एसी लोकलमधून किंवा थंड गाडीतून बाहेर पडल्या पडल्या चालू करू नका. थंड यंत्रावर दमट हवा लागली की आत बाष्प धरतं, दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्या. डॉकमध्ये पंखा आहे, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तो कोंबू नका. जॉय-कॉन २ च्या काठ्या चुंबकीय सेन्सरच्या नाहीत, घासणाऱ्या जुन्या पद्धतीच्याच आहेत; कालांतराने ‘ड्रिफ्ट’ येऊ शकतो, म्हणजे हात न लावता काठी सरकल्यासारखं होतं, आणि इथे फुकट दुरुस्ती कोणी देणार नाही. यंत्र दिवसरात्र डॉकमध्येच असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवायचा पर्याय आहे, तो लावा. बॅटरी कंपनीच्या मते दोन ते साडेसहा तास. हा गेम अडीच-तीन तासांत संपवतो. चर्चगेट-विरार एकदा सहज होतं. पण जॉय-कॉनसकट ५३४ ग्रॅमचं ते धूड उभ्याने, एका हाताने कडी धरून खेळता येत नाही.

एकट्याने, ऑफलाइन खेळणाऱ्याने नुसत्या या गेमसाठी यंत्र घेऊ नये. नॉकआउट टूर ऑनलाइन, माणसांविरुद्ध खेळायचा आहे. कन्सोलने चालवलेल्या गाड्या आठव्या दिवशी कळून येतात. घरात खेळणारे तीन-चार जण असतील तर ३० फ्रेम सहन करूनही पैसे वसूल. आणि ८ डिलक्सचं कार्ट्रिज असेल तर ते विकायची घाई करू नका. ते स्विच २ वर चालतं, त्यात ९६ ट्रॅक आहेत, बहुतेक सगळे तीन लॅपच्या जुन्या पद्धतीने. शिवाय २०० सीसी हा सर्वांत वेगवान वर्ग त्यात आहे. वर्ल्ड बाजारात आला तो १५० वरच थांबून.